पदवीनंतरचे पत्र

हातकणंगले येथील आमच्या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी पदवीधर झाले म्हणजे आठवणीने पत्र धाडतात. पुण्यास नोकरी लागली, बंगळुरास बिऱ्हाड थाटले, वेतन इतके! मॅट्रिकवरच थांबावे लागलेल्या मज शिक्षकास त्याचा अभिमान वाटतो. तरी पत्र मिटताना काही राहून गेल्यासारखे होते.

मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ सालचे. ते अवघे चार : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक व बाळ मंगेश वागळे. पैकी रानड्यांचे बाळपण आमच्या कोल्हापुरातच गेले. १८९३ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, व त्याच वर्षी भांडारकर विद्यापीठाचे कुलगुरू. परंतु या मानाच्या पदांपूर्वीच, १८८४ साली, रानडे, भांडारकर व मोडक या तिघांनी इतर सहकाऱ्यांसह पुण्यात मुलींसाठी हुजूरपागा शाळा काढली. तोवर त्या विद्यापीठातून एकही स्त्री पदवीधर झालेली नव्हती!

गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीचे पत्र आले. नोकरीची वार्ता एका ओळीत. उरलेले पानभर, गावातील दोन मुलींची फी भरून त्यांस महाविद्यालयात कसे घातले, त्याची हकीकत. ते पत्र मी देवघरातील पोथीत जपून ठेवले आहे.