मेथडिस्ट मंडळीचे वर्ग, तिकिटें व वह्या

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या आमच्या मित्रमंडळींत एक समज रूढ आहे. तो असा कीं, ख्रिस्ती मिशनांच्या दफ्तरांत पाहण्यासारखें काय तें जुनें मुद्रण, व्याकरणें, कोश, आणि फार तर मिशनऱ्यांचा पत्रव्यवहार. मंडळीच्या घरगुती व्यवहाराचे कागद, म्हणजे हजेरीच्या वह्या, वर्गणीच्या याद्या, चार बोटें रुंदीचीं छापील तिकिटें, यांस कोणी हात लावीत नाहीं. हा समज दूर व्हावा एवढ्याच हेतूनें मेथडिस्ट पंथाच्या साप्ताहिक व्यवहाराची हकीकत येथें देत आहों. ती मुख्यतः अठराव्या शतकांतील इंग्लंडची आहे; तिचा धागा मुंबई-पुण्यास कसा पोंचतो तें शेवटीं सांगूं. धर्ममतांचा ऊहापोह आम्हांस कर्तव्य नाहीं. कागद कसा निर्माण झाला व तो कसा वाचावा, एवढेंच आम्ही पाहणार आहों.

या पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली (1703-1791) हा इंग्लंडच्या सरकारी चर्चचा दीक्षित धर्मगुरु. ऑक्सफर्ड येथें 1729 च्या सुमारास तो, त्याचा भाऊ चार्ल्स व आणखी कांहीं तरुण ठराविक वेळीं प्रार्थना, अध्ययन व तुरुंगांतील कैद्यांची विचारपूस करूं लागले. त्यांच्या घड्याळी नियमितपणाची थट्टा म्हणून लोकांनीं त्यांस ‘मेथडिस्ट’, म्हणजे पद्धतवाले, असें नांव ठेविलें. थट्टेचें नांव पुढें पंथाचें झालें. असा प्रकार आपल्याकडेहि अपूर्व नाहीं. 1739 सालीं ब्रिस्टल शहरांत ‘न्यू रूम’ नांवाची इमारत उभी राहिली, आणि त्याच वर्षीं लंडनमध्यें तोफा ओतण्याचा एक पडका कारखाना ताब्यांत घेण्यांत येऊन तोहि सभेचें स्थान झाला. जमणारे लोक बहुतेक कोळशाच्या खाणींतील मजूर, विणकर, मोलकरणी, लहान दुकानदार असे होते. हें वेगळें चर्च नव्हतें. रविवारीं आपापल्या पॅरिश चर्चांत जावें आणि त्या वेळा टाळून येथें जमावें, असा वेस्लीचा आग्रह असे. म्हणून पहांटे पांच वाजतां, कामाला जाण्यापूर्वीं, उपदेश होई.

आतां मुख्य गोष्ट. न्यू रूमच्या बांधकामाचें कर्ज डोक्यावर होतें. तें कसें फेडावें याचा विचार करण्यासाठीं 15 फेब्रुवारी 1742 रोजीं ब्रिस्टल येथें प्रमुख मंडळी जमली. फॉय नांवाच्या एका कप्तानानें सुचविलें कीं, कर्ज फिटेपर्यंत प्रत्येक सभासदानें आठवड्यास एक पेनी द्यावी. कोणी हरकत घेतली कीं, पुष्कळांची तेवढीहि ऐपत नाहीं. त्यावर कप्तान म्हणाला कीं, सर्वांत गरीब अकराजण माझ्याकडे लावून द्या. मी दर आठवड्यास त्यांच्याकडे जाईन, ज्यांस देववेल त्यांचें घेईन, आणि ज्यांस देववणार नाहीं त्यांचें मी पदरचें भरीन. इतरांनींहि तसेंच पत्करलें. अकरा आणि एक मिळून बारांचा जो गट झाला त्यास ‘क्लास’ म्हणजे वर्ग, व गोळा करणाऱ्यास वर्गनायक असें नांव मिळालें. एका पौंडाचे 240 पेनी होतात हें लक्षांत घेतलें म्हणजे या फेडीस किती दारें पुजावीं लागलीं असतील याची कल्पना येईल. आमच्याकडील अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडाची वाचकांस येथें आठवण होईल. परंतु तो उद्योगधंद्यांसाठीं होता, आणि ही पेनी लवकरच भलत्याच कामास लागली.

तें असें. नायक पेनीसाठीं दारोदार जाऊं लागला, तेव्हां त्यास घरांतलें दिसूं लागलें. एका घरीं नवरा दारू पिऊन पडलेला, दुसऱ्या घरीं भांडण, तिसऱ्या घरीं आजारी मनुष्य आणि चूल थंड. नायकांनीं हें वेस्लीस येऊन सांगितलें. आणि आपणांस फार दिवस जें साधन हवें होतें तें हेंच, असें त्याच्या ध्यानांत आलें. मार्च 1742 मध्यें लंडनलाहि तीच रीत सुरू झाली. दारोदार जाण्यांत मात्र अडचणी होत्या. मोलकरणीच्या मालकास नायकाचें येणें खपेना, आणि एकाविषयीं दुसऱ्यानें केलेली तक्रार समोरासमोर तपासतां येईना. म्हणून सर्व बाराजणांनीं आठवड्यांतून एका सायंकाळीं एकत्र बसावें असें ठरलें. कर्जाचा विषय मागें पडला. पेनी गोरगरिबांच्या व पुढें उपदेशकांच्या निर्वाहास जाऊं लागली, आणि बैठक हेंच मुख्य झालें.

बैठकीचें स्वरूप साधें होतें. जागा कोणाचें स्वयंपाकघर, कोठार किंवा सभागृहाची लहान खोली. आरंभीं एखादें गीत व प्रार्थना. नंतर नायक प्रथम स्वतःची अवस्था सांगे, म्हणजे गेल्या आठवड्यांत आपण कोठें घसरलों व कोठें सावरलों तें, आणि मग एकेकास विचारी. ज्यास अक्षरओळख नाहीं, ज्यास कोणी कधीं सभेंत बोल म्हटलें नाहीं, अशा मजुरास व मोलकरणीस दर आठवड्यास दहा माणसांसमोर आपल्या आयुष्याविषयीं चार वाक्यें बोलावीं लागत. आमच्या मतें या पद्धतीचा सर्वांत दूरगामी परिणाम हाच. स्त्रियांच्या वर्गांस बहुधा स्त्रीच नायिका असे, आणि ही गोष्ट त्या काळीं लहान नव्हती.

1 मे 1743 या तारखेचे जे नियम छापले गेले त्यांत नायकाचीं कामें नेमून दिलीं आहेत. वर्गांतील प्रत्येकास आठवड्यांतून एकदां भेटणें. गरिबांसाठीं जो जें देईल तें घेणें. आठवड्यास एकदां उपदेशक व कारभारी यांस भेटून कोण आजारी आहे व कोण वांकड्या मार्गास लागला आहे तें कळविणें. जमा रक्कम भरून प्रत्येकाच्या नांवावरचा हिशेब दाखविणें. सभासदत्वाची अट एकच होती : येणाऱ्या कोपापासून सुटण्याची इच्छा. ती आहे कीं नाहीं हें मात्र वर्तनावरून ठरावयाचें, म्हणजे वाईट टाळणें, शक्य तितकें चांगलें करणें, आणि उपासनेचे विधि न चुकविणें. लंडनच्या मंडळीनें 1746 पासून फुकट औषधें देण्याची व्यवस्था केली व लहान कर्जांचा एक फंडहि काढला. तीं कर्जें तीन महिन्यांत, आठवड्याच्या हप्त्यांनीं फेडावयाचीं असत. येथेंहि एकक आठवडा हेंच.

संग्राहकांच्या दृष्टीनें पहिला कागद म्हणजे या वर्गाची वही. डावीकडे नांवें, पुढें आठवड्यांचीं घरें, घरांत दिलेली रक्कम व एक खूण. काळ व स्थळ यांप्रमाणें खुणा बदलतात. तथापि ज्या खुणा पुढें रूढ झाल्या त्यांत इंग्रजी आद्याक्षरें असत. ‘पी’ म्हणजे हजर, ‘ए’ म्हणजे गैरहजर, ‘एस’ म्हणजे आजारी, ‘डी’ म्हणजे दूर गेलेला, ‘बी’ म्हणजे कामधंद्यांत गुंतलेला, आणि ‘एन’ म्हणजे हयगय करणारा. आम्हीं तीस वर्षांवर शाळेचा हजेरीपट भरला. आमच्या पटांत गैरहजेरीस एकच फुली होती. एका मुलापुढें सबंध श्रावण-भाद्रपद आम्हीं फुल्या केल्या व त्यास उनाड ठरविलें. त्याची आई अंथरुणास खिळली होती व घरीं दुसरें कोणी नव्हतें, हें दिवाळीनंतर कळलें. वर्गाच्या वहींत न येण्याचें कारण लिहावें लागे, म्हणजे तें आधीं विचारावें लागे. पण तेथेंहि ‘बी’ लिहावें कीं ‘एन’ हें नायकाच्या मर्जीवर होतें. म्हणून ही वही वाचणाऱ्यानें तींत सभासदाचें वर्तन दिसतें असें न समजतां, नायकास तें कसें दिसलें एवढेंच दिसतें असें समजावें.

दुसरा कागद तिकीट. हें ब्रिस्टल येथें 1741 पासून देत. दर तीन महिन्यांनीं वेस्ली किंवा त्याचा उपदेशक प्रत्येक सभासदाची विचारपूस करी, आणि संतोष झाल्यास त्याचें नांव घातलेलें नवें तिकीट देई. प्राचीन ख्रिस्ती मंडळ्या परगांवीं जाणाऱ्यास जीं शिफारसपत्रें देत त्यांच्याशीं वेस्लीनें या तिकिटाची तुलना केली आहे. त्याची दुसरी सोय त्यानें स्वतःच मोकळेपणानें सांगितली आहे : कोणास काढावयाचें झाल्यास गाजावाजा नको; पुढच्या तिमाहीस त्यास तिकीट द्यावयाचें नाहीं, म्हणजे झालें. पहिल्या काळच्या तिकिटांवर चित्रें आढळतात. पुढें बायबलांतील एक वचन, भोंवतीं वेलबुट्टी, आणि तिमाहीदर्शक एक अक्षर अशी रचना स्थिर झाली. वर्षास चार अक्षरें खर्चीं पडत व वर्णमाला संपली कीं पुन्हां आरंभ होई. यास्तव केवळ अक्षरावरून वर्ष ठरवूं नये. वचन, वेलबुट्टीचा ठसा व सही करणाऱ्या उपदेशकाच्या नेमणुकीचें गांव हीं सर्व जुळवूनच मिति निश्चित करावी. संवत्सराच्या नांवावरून शक ठरवितांना आपण जी सावधगिरी बाळगतों तीच येथें हवी.

तिकीट न मिळालेल्यांचें काय झालें? न्यूकॅसल येथील मंडळीची तपासणी वेस्लीनें मार्च 1743 मध्यें पुरी केली, त्या वेळचा आंकडेवार हिशेब त्याच्या रोजनिशींत आहे. एकूण 64 जणांस काढलें. त्यांत दारूबाजीसाठीं 17, शिवीगाळीसाठीं 2, रविवार न पाळल्याबद्दल 2, दारू विकल्याबद्दल 2, भांडणतंट्यासाठीं 3, सराईत खोटेपणासाठीं 3, निंदानालस्तीसाठीं 4, आळसासाठीं 1, बायकोस मारल्याबद्दल 1, आणि राहिलेले 29 केवळ थिल्लरपणा व बेपर्वाई यांसाठीं. बेरीज बरोबर जुळते. दारूबाजांहून बेपर्वा अधिक. आणि बेपर्वाई म्हणजे काय हें ठरविणार तपासणाराच.

याहून आम्हांस मोलाची वाटते ती दुसरी यादी, आपण होऊन सोडून गेलेल्या 76 जणांची. आपले धर्मगुरु प्रभुभोजन देणार नाहींत या भीतीनें 14, आईबापांच्या विरोधामुळें 12, नवऱ्याच्या किंवा बायकोच्या विरोधामुळें 9, मालक-मालकिणीमुळें 5, ओळखीच्यांनीं मन वळविल्यामुळें 7, लोक मंडळीविषयीं वाईट बोलतात म्हणून 5, हंसें नको म्हणून 9, गरिबांस मिळणारी पॅरिशची मदत बुडेल म्हणून 3, सवड नाहीं म्हणून 3, फार दूर पडतें म्हणून 2. एकजण रस्त्यांतील लोक फार उर्मटपणानें वागतात म्हणून गेला. दोघे, अमुक एक गृहस्थ मंडळींत आहे म्हणून. एकास वाटलें कीं देवाची भक्ति करण्यास अजून पुष्कळ अवकाश आहे. ज्या मोलकरणीस मालकिणीनें ‘ती मंडळी कीं ही नोकरी’ असें बजाविलें, तिची नोंद दुसऱ्या कोणत्या दफ्तरांत सांपडेल? तथापि हीं कारणें वेस्लीनें लिहिलेलीं आहेत. जाणाऱ्यांच्या हातचा कागद नाहीं.

प्रीतिभोजन व उपदेशकांचा तक्ता यांविषयीं थोडक्यांत सांगतों. प्रीतिभोजन हा विधि मोरेव्हियन पंथाकडून घेतलेला. त्यांत भाकरीचा किंवा गोड पावाचा तुकडा व पाणी एवढेंच असे. पाण्याचा दोन कानांचा पेला हातोहात फिरे, आणि जो तो आपला अनुभव सांगे. प्रवेश तिकिटावर. उपदेशकांचा तक्ता हा तिमाहीचा छापील कागद : एका बाजूस गांवें, माथ्यावर रविवारच्या तारखा, घरांत उपदेशकाच्या नांवाऐवजीं त्याचा अनुक्रमांक. आठवडाभर चांभारकाम किंवा शेती करून रविवारीं कोसचे कोस चालत जाणारे बिनपगारी स्थानिक उपदेशक या तक्त्यांवरून ओळखतां येतात. गांवांवरून त्यांचें चालणेंहि मोजतां येतें.

नायकांपैकीं कॉर्नवॉलचा विल्यम कार्व्होसो (1750-1834) याचा उल्लेख आमच्या वाचकांस रुचेल. सुमारें साठ वर्षें त्यानें वर्ग चालविले. लिहावयास मात्र तो पासष्टीच्या सुमारास शिकला, आणि मग स्वहस्तें आत्मवृत्त लिहिलें. तें त्याच्या मुलानें पुढें छापविलें. हीच वर्गपद्धति धर्माबाहेरहि गेली. 1818 सालीं स्टॉकपोर्ट येथें स्थापन झालेल्या राजकीय सुधारणावाद्यांच्या संघानें बाराजणांचे वर्ग व आठवड्याची पेनी जशीच्या तशी उचलली. 1834 सालीं संघटना केल्याबद्दल टॉलपडल गांवच्या ज्या सहा शेतमजुरांस ऑस्ट्रेलियास काळ्या पाण्यावर धाडलें, त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा मेथडिस्ट स्थानिक उपदेशक होता. वेस्ली स्वतः कट्टर राजनिष्ठ. त्यास हें रुचलें नसतें. एकोणिसाव्या शतकांत वर्ग हळूहळू ओस पडले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील मेथडिस्टांनीं 1866 सालीं वर्गाची सक्ति काढून टाकली. ब्रिटनमध्यें सभासदत्वाचें तिकीट मात्र उरलें.

आपल्या किनाऱ्यास या मंडळीचा पहिला स्पर्श एका मृत्यूच्या छायेंत झाला. वेस्लीचा सहकारी टॉमस कोक हा सिलोनास निघाला असतां मे 1814 मध्यें समुद्रावरच वारला. त्याचे तरुण सोबती त्याच महिन्यांत मुंबईस उतरले, गव्हर्नर सर इव्हन नेपियन यानें त्यांस आश्रय दिला, आणि नंतर ते सिलोनास गेले. खरी स्थापना विल्यम टेलर या अमेरिकनाची. तो 1871 च्या नोव्हेंबरांत मुंबईस आला, आणि प्रथम त्यानें जें केलें तें चर्च बांधणें नव्हे, तर घरोघरच्या लहान बैठका स्थापणें. 1872 च्या आरंभीं त्यांतूनच मंडळी उभी राहिली. हे लोक बहुतांशीं इंग्रजी बोलणारे होते. 1848 पासून मुंबईंत अत्यंत साधेपणानें राहणारा, ‘बॉम्बे गार्डियन’ पत्राचा संपादक जॉर्ज बोवेन हा त्यांस मिळाला. पुण्याच्या मंडळींत 1870 नंतरच्या दशकांत आलेला विल्यम ओल्डम हा सरकारी मोजणीखात्यांतील तरुण पुढें 1885 सालीं सिंगापुरास मेथडिस्ट मिशन स्थापण्यास गेला. येथील मेथडिस्ट मंडळी 1970 च्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या एकीकरणांत सामील झाली नाहीं. 1981 सालीं ती भारतीय मेथडिस्ट चर्च म्हणून स्वायत्त झाली. त्यामुळें तिचीं जुनीं दफ्तरें शोधणाऱ्यानें चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या कचेऱ्यांत हेलपाटे घालूं नयेत.

इंग्लंडांतील कागद मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयांत मोठ्या प्रमाणावर जतन केलेले आहेत. आमच्याकडे असा एखादा गठ्ठा हातीं आल्यास, प्रसिद्ध पुरुषाची सही तेवढी कापून घेऊन उरलेलें रद्दींत घालण्याचा मोह टाळावा. वहींतील कोरीं पानें फाडूं नयेत, कारण वर्ग कोणत्या आठवड्यास मोडला तें त्यांवरूनच कळतें. तिकिटें एका कुटुंबाचीं एकत्र चिकटविलेलीं असल्यास सुटीं करूं नयेत. आधीं त्यांचा क्रम उतरून घ्यावा, मागील बाजूस पेन्सिलीनें कांहीं लिहिलें आहे काय तें पाहावें, आणि वहींतील खुणांची फोड बहुधा मुखपृष्ठाच्या आंतल्या बाजूस सांपडते, ती प्रथम नकलून घ्यावी.