घासलेली शिवराई घ्यावी कीं न घ्यावी ?
नवी मुंबईंतील संग्राहकास शिवराई आतां आंतरजालावर छायाचित्ररूपानें घरबसल्या पाहावयास मिळते. परंतु ती घासलेली आहे कीं काय, हें छायाचित्रावरून ठरविणें कठीण. तांब्यावर कालांतरानें चढलेला तपकिरी वा हिरवट थर चिंचेनें अगर तेजाबानें काढला असतां नाणें गुलाबी दिसूं लागतें. घासल्यास बारीक समांतर रेघा उमटतात व अक्षरांच्या कडा बोथट होतात.

येथें केवळ शोभेचा प्रश्न नाहीं. इ. स. १६७४ च्या राज्याभिषेकानंतरची ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ या अक्षरांची शिवराई पेशवाईंतहि पाडली जात असे. तेव्हां शिवकालीन कोणती व उत्तरकालीन ‘दुदांडी’ कोणती, याचा निर्णय अक्षरवटिका, बिंदूंची कड व ओळींमधील दांड्या यांवरूनच करावा लागतो. तींच झिजलीं तर पुरावाच गेला.

सबब तिरप्या उजेडांतील दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें, वजन व नाणें परत करण्याची मुभा हीं आधीं मागावीं. केवळ रंग गेला असून अक्षरें शाबूत असल्यास कमी किंमतीस घेण्यास हरकत नाहीं. अक्षरेंच घासलीं असल्यास, किंवा विक्रेता वजन सांगण्यास टाळाटाळ करीत असल्यास, तें नाणें सोडून द्यावें, असें आमचें मत आहे.