लिलावांत घेतलेली मोटार आणि तिचे कागद

घर विकत घ्यावयाचें झालें म्हणजे आपल्यांतील व्यवहारी गृहस्थ प्रथम सात-बाराचा उतारा पाहतो, वकिलाचा सल्ला घेतो आणि मगच विसार देतो. तोच गृहस्थ जुनी मोटार घेतांना मात्र इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर न्याहाळतो, किंमतीची घासाघीस करतो आणि किल्ली हातीं पडली कीं व्यवहार पुरा झाला असें समजतो. वस्तुतः कायद्याच्या दृष्टीनें तो तेव्हां कोठें सुरू झालेला असतो. कर्जाचे हप्ते थकल्यामुळें बँकांनीं ताब्यांत घेतलेल्या गाड्या लिलावांत बऱ्याच स्वस्त मिळतात, आणि व्यापाऱ्यांच्या मार्फत त्या आपल्यासारख्या कुटुंबांच्या दारांत येऊं लागल्या आहेत. म्हणून या विषयाचा थोडा खुलासा येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लिलाव दोन प्रकारचे असतात, आणि त्यांची गल्लत केल्यामुळेंच पुष्कळांच्या फेऱ्या वाढतात. पहिला सरकारी. केंद्र किंवा राज्य सरकारनें अथवा त्यांच्या वतीनें झालेल्या लिलावांत गाडी घेतली, तर ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आंत नमुना ३२ भरून आरटीओकडे अर्ज करावा लागतो. त्यासोबत नोंदणीपुस्तक, विम्याचा कागद, विक्री आपल्या नांवें कायम झाल्याचा अधिकाऱ्याच्या सहीचा दाखला आणि लिलावास परवानगी देणाऱ्या सरकारी हुकुमाची प्रमाणित नक्कल, इतकें जोडावें लागतें. गाडीवर नंबरच नसेल किंवा असलेला नंबर खोटा निघाला, तरी वाट बंद होत नाहीं; त्या खात्याच्या नांवें नवा नंबर देऊन मग खरेदीदाराची नोंद करण्याची सोय नियमांतच आहे.

दुसरा प्रकार बँकेच्या किंवा कर्ज देणाऱ्या कंपनीच्या लिलावाचा. येथें नमुना ३२ चा उपयोग नाहीं. येथील खरी अडचण अशी कीं, गाडी बँकेच्या ताब्यांत असली तरी सरकारदप्तरीं ती अद्याप जुन्या कर्जदाराच्याच नांवावर असते, आणि हप्ते बुडवून चिडलेला किंवा परागंदा झालेला तो मनुष्य सही कशाला देईल? या अडचणीवर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ मध्यें उपाय आहे. बँकेनें नमुना ३६ चा अर्ज केला म्हणजे अधिकारी जुन्या मालकास पोंचपावतीच्या रजिस्टर पत्रानें नोटीस देतो, त्याचें म्हणणें मांडण्यास संधि देतो, आणि नंतर जुनें नोंदणीपुस्तक रद्द करून बँकेच्या नांवें नवें देऊं शकतो. तेथून पुढें नमुना २९ व ३० यांवर गाडी आपल्या नांवावर होते. हा टप्पा पुरा झाला आहे कीं नाहीं, हें बोली लावण्यापूर्वींच विचारावें. झाला नसेल, तर तो कोण व किती दिवसांत करून देणार, हें लेखी घ्यावें. तोंडी आश्वासनाची किंमत लिलावाचा हातोडा पडल्यावर शून्य होते.

व्यापाऱ्याकडून गाडी घेणारांसाठीं एक चांगली गोष्ट घडली आहे. १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या नियमांप्रमाणें जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यास आरटीओचें अधिकारपत्र घ्यावें लागतें, आणि गाडी त्याच्या हवालीं झाल्याची सूचना दप्तरीं गेली म्हणजे तोच मालक मानला जातो. तेव्हां दुकानांत शिरतांच अधिकारपत्र पाहण्यास मागावें. त्यांत संकोच कसला?

नांव बदलण्याची एवढी निकड कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या एका निकालांत आहे. एक मोटार हातोहात अनेकांना विकली गेली, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नांवावर राहिली. पुढें त्या गाडीखालीं अपघात झाला, तेव्हां भरपाईची जबाबदारी दप्तरीं ज्याचें नांव होतें त्याच्यावरच पडली. विकणारास हा धडा. घेणाराचीही सुटका नाहीं. तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरता विमा गाडीबरोबर येतो, परंतु आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा आपोआप येत नाहीं. यासाठीं १४ दिवसांच्या आंत विमा कंपनीस कळवून पॉलिसी आपल्या नांवें करून घ्यावी.

पैसे देण्यापूर्वीं आणखी चार गोष्टी पहाव्या. चासीवर कोरलेला नंबर व इंजिनाचा नंबर नोंदणीपुस्तकाशीं स्वतःच्या डोळ्यांनीं ताडून घ्यावा. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर थकलेला कर व दंडाची चलनें आहेत काय तें पहावें. पुस्तकावर कर्जाचा बोजा असेल, तर तो उतरविण्यासाठीं बँकेच्या सहीचा नमुना ३५ मागावा. गाडी दुसऱ्या राज्यांतील असेल, तर तेथील आरटीओचा ना-हरकत दाखला हातीं आल्यावांचून व्यवहार करूं नये. शिवाय आपल्या राज्याचा कर वेगळा भरावा लागेल, तोही किंमतींत धरावा.

एकत्र कुटुंबांत मोटार सर्वांच्या पैशानें येते, पण नोंद एकाच्याच नांवावर होते. ज्याच्या नांवावर ती व्हावयाची, त्यानेंच कागदांची जबाबदारी पत्करावी, तारखा टिपून ठेवाव्या आणि प्रत्येक कागदाची नक्कल घरच्या पेटींत ठेवावी. लिलावांत वांचलेले पैसे हे कागद पुरे झाले तरच वांचले असें म्हणतां येईल.