वळिवड्यातली पोलिश चूल

कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले; बहुतेक बायका आणि मुलं. १९४० पासून सोव्हिएत राजवटीने त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेलं होतं. युद्धानंतर त्यांची गावंही सोव्हिएत संघातच राहिली.

अशा मुलांना आपलं घर कळायचं ते आईच्या स्वयंपाकातून. पिएरोगी करंजीच्या आकाराचे, पण उकळत्या पाण्यात शिजवलेले. आत बटाटा आणि ताजं चीज. २४ डिसेंबरच्या रात्री रीतीप्रमाणे बिनमांसाचे बारा पदार्थ, आणि अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी एक पान मांडलेलं.

फौजेत राहून एवढं कळलं: शिध्याने पोट भरतं, पण गाव आठवतं ते घरच्या चवीनेच.