शुगर आणि किडनी : माहेरची माहितीही सांगा

गटाच्या बैठकीत शुगरचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. दोघींना शुगर आहे, दोघीही गोळ्या घेतात. मग एकीचीच किडनी का बिघडली?

किडनी म्हणजे आपली रक्त गाळणारी चाळणी. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली, त्यात बीपी वाढले, की ही चाळणी सैल होते. मग शरीराला हवी असलेली प्रथिने लघवीवाटे जाऊ लागतात. पण शुगर असलेल्या प्रत्येकाचे असे होत नाही. साधारण तिघांपैकी एकाला किडनीचा आजार होतो. साखर आणि बीपी किती ताब्यात आहे यावर ते बरेच अवलंबून असते, पण त्यात रक्ताच्या नात्याचाही वाटा आहे.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनामध्ये पिमा हा आदिवासी समाज राहतो. त्यांच्यात शुगरचे प्रमाण फार मोठे आहे. तिथल्या दोन पिढ्यांचा अभ्यास 1990 साली प्रसिद्ध झाला. शुगर असलेल्या आईवडिलांच्या ज्या मुलांना पुढे शुगर झाली, त्यांची लघवी तपासली. आईवडील दोघांच्याही लघवीत प्रथिने जात नव्हती, तिथे 100 पैकी 14 मुलांना हा त्रास दिसला. एकाच्या जात होती, तिथे 23 जणांना. आणि दोघांच्याही जात होती, तिथे 46 जणांना.

यात दोन गोष्टी दिसतात. धोका घराण्यातून येतो. पण दोघांनाही त्रास असताना निम्म्याहून जास्त मुले त्यातून सुटली होती. म्हणजे हे कपाळावर लिहिलेले नाही. एकच एक जनुक याला कारण नसते. अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो, आणि तो आई आणि वडील दोघांकडून येतो. म्हणून 'हिच्या माहेरचा आजार' असे म्हणून कुणी सुनेला बोल लावू नये.

माहेरची माहिती मात्र लपवूही नये. सासूबाईंची किडनी बिघडली, तर त्यांच्या मुलाला आणि नातवंडांना जपायला हवे. सुनेचा धोका तिच्या आईवडिलांकडे आणि भावंडांकडे पाहून कळतो. डॉक्टर विचारोत वा न विचारोत, आपण सांगायचे.

शुगर निघाली की त्याच वेळी, आणि पुढे दर वर्षी, दोन तपासण्या करून घ्या : लघवीतले अल्ब्युमिन आणि रक्तातले क्रिएटिनिन. सुरुवातीला ना दुखते, ना पाय सुजतात, म्हणून त्रासाची वाट पाहू नका. लवकर कळले तर किडनी जपणारी औषधे आहेत. ती मनाने बंद करू नका. अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून आणून रोज खाऊ नका. बीपी मोजत राहा, तंबाखू आणि मिश्री सोडा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने माहेरी एक फोन करावा : आपल्याकडे शुगर कुणाला, किडनीचा त्रास कुणाला? उत्तर वहीत लिहून ठेवा. दवाखान्यात जाताना ती वही सोबत असू द्या.