नोकरी सांभाळून इंग्रजीची परीक्षा

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत जून २००० पासून इंग्रजी विषयाचा आरंभ इयत्ता पहिलीपासून होऊ लागला. तत्पूर्वी तो पाचवीपासून होत असे. या बदलाचा परिणाम असा झाला की, ज्या शिक्षकांनी स्वतः इंग्रजी अक्षरे वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी प्रथम गिरविली, त्यांच्याकडेच सहा वर्षांच्या मुलांच्या कानी ती भाषा घालण्याचे काम आले. शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड, चंदगड अशा तालुक्यांतील वाडीवस्तीच्या शाळेत मुलाच्या कानी शिक्षकाखेरीज अन्य कोणाचे इंग्रजी फारसे पडत नाही. शिक्षकाचा उच्चार हाच त्याचा उच्चार, आणि शिक्षकाचा संकोच हाच त्याचा संकोच होतो. म्हणूनच सेवेतील अनेक शिक्षक व शिक्षिका विचारतात, "या वयात इंग्रजीची एखादी परीक्षा देता येईल काय? कोणती द्यावी? वेळ कोठून आणावा?" या प्रश्नांचा विचार येथे क्रमाने केला आहे.

वयाची अडचण कितपत खरी?

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. संस्कृतचे शिक्षण त्यांना आईवडिलांकडून मिळाले होते. इंग्रजीचा अभ्यास मात्र त्यांनी १८८२ साली पुण्यास आल्यावर, वैधव्य व लहान मुलीची जबाबदारी पदरी असताना हाती घेतला. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८७ साली हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. रमाबाईंची बुद्धिमत्ता असामान्य होती, हे खरेच. तरीही त्यांच्या उदाहरणातील एक गोष्ट सर्वांस लागू पडते. एका भाषेचे व्याकरण ज्यास नीट अवगत आहे, त्यास दुसरी भाषा शिकताना मोठाच आधार असतो. प्रौढ विद्यार्थी लहान मुलाप्रमाणे ऐकून उचलीत नसेल, पण तो तुलना करू शकतो, नियम ध्यानी घेऊ शकतो आणि आपले कोठे चुकते हे शोधू शकतो. मराठीचे व्याकरण शिकविणाऱ्या शिक्षकाजवळ हे भांडवल आधीच असते.

नोकरी करणाऱ्यास घरी राहून परीक्षा देण्याची सोयही नवी नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ साली बाहेरील विद्यार्थ्यांस पदवी परीक्षा खुली केली. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि नोव्हेंबरात कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले. पुढे १९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ व १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. शिवाजी विद्यापीठानेही दूरशिक्षणाची व्यवस्था उभी केली.

कोणती परीक्षा द्यावी?

येथे एक भेद प्रारंभीच स्पष्ट केला पाहिजे. इंग्रजी विषयातील बी. ए. अथवा एम. ए. हा मुख्यतः वाङ्मयाचा अभ्यास आहे. त्यात काव्य, नाटक, कादंबरी व टीका यांचे वाचन असते. तो अभ्यास मन संपन्न करतो, भाषेचा साठा वाढवितो व पदवीच्या दृष्टीने उपयोगी पडतो. परंतु दुसरीच्या वर्गात इंग्रजी गोष्ट कशी सांगावी, हे त्यात शिकवीत नाहीत. त्यासाठी इंग्रजी अध्यापनाचे प्रमाणपत्र वा पदविका असे निराळे अभ्यासक्रम आहेत. हैदराबाद येथे १९५८ साली इंग्रजीच्या अध्यापनासाठी केंद्रीय संस्था निघाली. तिलाच पुढे विद्यापीठाचा दर्जा मिळाला. इंग्रजी शिक्षकांचे प्रशिक्षण हे तिचे मूळ कार्य होय.

तेव्हा ज्यास पदवी वा पदव्युत्तर शिक्षण पुरे करावयाचे आहे त्याने पहिला मार्ग धरावा, आणि ज्यास आजच्या वर्गात सुधारणा हवी आहे त्याने दुसरा. ज्याचे वाक्यरचनेतच अडते त्याने प्रथम सहा महिने घरी पाया पक्का करावा व मगच प्रवेश घ्यावा. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कितीएक मराठी माणसांनी असाच पाया घातला आहे.

वेळेचा हिशेब

मुक्त शिक्षणात एका श्रेयांकास सुमारे ३० तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे चार श्रेयांकांच्या एका विषयास १२० तास लागतात. वीस आठवड्यांत तो पुरा करावयाचा तर आठवड्यास सहा तास हवेत. असे चार विषय एकदम घेतल्यास आठवड्यास चोवीस तास होतात. शाळा, घर, शेती व मधूनच येणारे निवडणुकीचे काम सांभाळून इतका वेळ काढणे बहुतेकांस अशक्य आहे. पहिल्या वर्षानंतर अनेकजण अभ्यास सोडून देतात, त्यास बुद्धीपेक्षा हा न मांडलेला हिशेबच बहुधा कारण असतो. अभ्यासक्रमाची कमाल मुदत किमान मुदतीहून अधिक असते, तिचा संकोच न करता लाभ घ्यावा. दोन वर्षांचे शिक्षण चार वर्षांत पुरे करणे यात कमीपणा नाही.

वर्षाची आखणीही आपल्या मुलखाच्या ऋतुमानाने करावी. पश्चिमेकडील तालुक्यांत जुलै हा भातलावणीचा महिना, आणि दिवाळीच्या आगेमागे उसाचा हंगाम सुरू होतो. या दिवसांत नवा भाग हाती न घेता केवळ उजळणी ठेवावी. इंदिरा गांधी विद्यापीठाच्या सत्रान्त परीक्षा सामान्यतः जून व डिसेंबर महिन्यांत होतात व त्यापूर्वी स्वाध्याय पाठवावे लागतात. स्वाध्यायांची अखेरची तारीख दिनदर्शिकेवर आधीच लिहून ठेवावी. शिक्षिकांच्या बाबतीत घरच्या मंडळींनीही ध्यानी घ्यावे की, स्वयंपाक व आवराआवर झाल्यावर उरणाऱ्या वेळास अभ्यासाची वेळ म्हणता येत नाही. रोजचा एक तास घराने मिळून राखला, तरच तो टिकतो.

प्रवेशापूर्वीची दक्षता

उच्च शिक्षणासाठी कार्यालयाची पूर्वपरवानगी घ्यावी. अर्ज मुख्याध्यापक व केंद्रप्रमुख यांच्यामार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे करावा, आणि तो परीक्षेच्या वेळी नव्हे तर प्रवेशापूर्वी करावा. उत्तीर्ण झाल्यावर सेवापुस्तकात नोंद करून घ्यावी. परवानगी नसल्यास पुढे त्या नोंदीस अडचण येऊ शकते.

दुसरी गोष्ट मान्यतेची. विद्यापीठ अनुदान आयोगाचे दूरशिक्षण मंडळ कोणत्या संस्थेस कोणत्या अभ्यासक्रमासाठी मान्यता आहे, याची यादी प्रसिद्ध करते. ती स्वतः पाहावी. संस्थेस मान्यता आहे म्हणून तिच्या प्रत्येक अभ्यासक्रमास ती असतेच असे नाही. "अभ्यास नको, उत्तीर्ण करून देतो" असे सांगणाऱ्या मध्यस्थापासून शिक्षकाने तर दूरच राहावे. वर्गात प्रामाणिकपणाचा पाठ त्यालाच द्यावयाचा असतो.

अभ्यास कसा करावा?

मार्गदर्शक पुस्तकातील उत्तरे पाठ करून परीक्षा पार पडेल, परंतु वर्गातील इंग्रजी तेथेच राहील. त्यापेक्षा दोन भाषांतील अंतर पारखीत शिकावे. मराठीत आपण 'टेबलावर' म्हणतो, इंग्रजीत 'ऑन द टेबल'. आपला प्रत्यय नामामागून येतो, त्यांचे अव्यय नामापुढे उभे राहते. 'मी जात नाही' याचे इंग्रजी 'आय गो नॉट' असे होत नाही, तेथे 'डू' या साहाय्यक क्रियापदाची मदत घेऊन 'आय डू नॉट गो' म्हणावे लागते. 'अ' आणि 'द' यांना मराठीत जोडच नाही, म्हणून ती आपल्याकडून गळतात. इंग्रजीतील दोन निराळ्या ध्वनींसाठी आपण बहुधा एकच 'व' उच्चारतो. 'व्हेस्ट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठास लागतात, आणि 'वेस्ट' म्हणजे पश्चिम म्हणताना ओठांचा चंबू होतो. आपल्या मुलांच्या चुकाही येथेच होतात. म्हणून शिक्षकाने स्वतःच्या चुकांची वही ठेवली, तर तीच उद्याच्या पाठाचे टाचण होईल.

रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचावे, दहा मिनिटे इंग्रजी बातम्या ऐकाव्या आणि पाच वाक्ये स्वतःची लिहावी. एकट्याने हे नेटाने चालत नाही. २०१६ साली राज्य शासन, टाटा ट्रस्ट व ब्रिटिश कौन्सिल यांनी काही जिल्ह्यांत 'तेजस' हा उपक्रम सुरू केला, त्याचा गाभा शिक्षकांचे लहान गट हाच होता. आपल्याकडेही केंद्राच्या शिक्षण परिषदेनंतर चार-पाच जणांनी अर्धा तास थांबून केवळ इंग्रजीत बोलण्याचा परिपाठ ठेवता येईल. त्यास ना निधी लागतो, ना आदेश. प्रारंभी हसू होईल, पण हसणारे व बोलणारे सारे एकाच नावेत असल्याने संकोच लवकर सरेल.

पदवीचा कागद केव्हा मिळावयाचा तेव्हा मिळेल. परंतु अभ्यासास लागलेल्या शिक्षकाचा वर्ग त्याच महिन्यापासून बदलू लागतो. जो स्वतः अडखळत शिकत आहे, त्यास अडखळणाऱ्या मुलाचा राग येत नाही, आणि आपले गुरुजी, आपल्या बाई अजून परीक्षा देतात हे पाहणाऱ्या मुलास शिकणे ही आयुष्यभराची गोष्ट आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. पुढील केंद्रसभेस येताना ज्यांचा असा विचार असेल त्यांनी आपला अभ्यासक्रम, आठवड्याचे तास व परवानगीचा अर्ज, एवढे तीन कागद तयार करून आणावे.