कामगार येतो, उपचाराचा हक्क गावीच राहतो

महाड - उत्तर प्रदेश, बिहार किंवा ओडिशातून महाडच्या औद्योगिक वसाहतीत येणाऱ्या कामगाराला कोणताही परवाना लागत नाही. देशात कोठेही जाऊन राहण्याची मुभा त्याला राज्यघटनेच्या १९व्या कलमानेच दिली आहे. तो गंभीर आजारी पडला, की मात्र त्याचे राज्य विचारले जाते.

सरकारी रुग्णालयात ही अडचण नाही. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून सर्वांनाच निःशुल्क झाले. प्रश्न उद्भवतो तो मोठी शस्त्रक्रिया करावी लागली, की. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२३ च्या निर्णयाने सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली; पण शिधापत्रिका किंवा अधिवासाचा दाखला महाराष्ट्राचाच हवा. भाड्याच्या खोलीत चौघे-पाच जण मिळून राहणाऱ्याने तो आणावा कोठून? 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेमुळे गावच्या पत्रिकेवर त्याला येथे धान्य मिळू शकते. त्याच पत्रिकेवर या योजनेतील शस्त्रक्रिया मात्र होत नाही.

केंद्राची २०१८ ची आयुष्मान भारत योजना राज्याच्या सीमा मानत नाही. तथापि, तिची मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेवर बेतलेली आहे. शिवाय कामगाराचे राज्य योजनेत सहभागी असावे लागते. ओडिशा २०२५ मध्ये सहभागी झाले. तोपर्यंत तेथील कामगाराकडे हे कार्डच नव्हते.

स्थलांतरित कामगारांसाठीच्या १९७९ च्या कायद्याने मोफत वैद्यकीय सुविधेची जबाबदारी कंत्राटदारावर टाकली होती. मात्र, स्वतःहून आलेला कामगार त्यात बसत नसे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने त्यालाही सामावून घेतले. पण पूर्वी पाच स्थलांतरित कामगार असले तरी लागू होणारी तरतूद आता दहांपासून लागू होते. लहान कंत्राटांवरील माणसे त्यामुळे बाहेरच राहतात.

मग दुखणे अंगावर काढले जाते. हजेरी बुडू नये म्हणून औषधाच्या दुकानातून गोळी घ्यायची आणि अगदीच असह्य झाले, की रेल्वेने गाव गाठायचे. रासायनिक कारखान्यातील कामगाराच्या बाबतीत हे अधिक घातक ठरते. तो कोणत्या रसायनाजवळ काम करीत होता, हे गावच्या डॉक्टरांना कळण्याचा मार्गच नसतो.

शेजारच्या पोलादपूर तालुक्याला हाच प्रश्न उलट बाजूने भेडसावतो. येथून माणसे बाहेर जातात. मुंबईच्या चाकरमान्यांची परंपरा जुनीच. परंतु अधिक बिकट स्थिती कातकरी कुटुंबांची आहे. उचल घेऊन ती दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. राज्यातच राहिल्याने योजनेचा हक्क कागदावर शाबूत असतो. मात्र गरोदर मातेची तपासणी, बाळाचे लसीकरण, अंगणवाडीचा आहार हे सारे गावच्या यादीवर चालते. आशा कार्यकर्तीच्या वहीत घर 'स्थलांतरित' ठरते, भट्टीजवळच्या गावात तर नावाची नोंदच नसते. मजुरी हजार विटांच्या हिशेबाने सबंध कुटुंबाला मिळते; दवाखान्यात गेलेला दिवस त्यातून वजा होतो आणि उचल तेवढी फिटायची राहते.

क्षयरोगाच्या कार्यक्रमाने यातून वाट काढली आहे. रुग्णाची 'निक्षय' क्रमांकावरील नोंद दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात वर्ग करता येते आणि औषधे नव्या ठिकाणी मिळतात. पोषणासाठीचे दरमहा १००० रुपये थेट बँक खात्यात जमा होतात.